चुऱ्याचा अ‍ॅपल पाय: तळाची पारी कच्ची राहू नये म्हणून

खाली मैद्याची पारी, मध्ये सफरचंदाचे सारण आणि वर मैदा-बटरचा चुरा, असा हा चुऱ्याचा अ‍ॅपल पाय बिघडतो तो बहुतेक वेळा तळाशी. वरचा चुरा सोनेरी दिसतो, घरभर दालचिनीचा वास सुटतो, आणि पहिला तुकडा उचलायला जावे तर खालची पारी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी भांड्यालाच चिकटून राहते. पाककृतींमध्ये मात्र सगळा भर चुऱ्यावर असतो, कारण छायाचित्रात तोच दिसतो. वास्तविक चुरा हा या पदार्थातला सर्वांत सोपा भाग आहे, आणि ज्याला तो जमत नाही अशी व्यक्ती मी अजून पाहिलेली नाही. म्हणून पुढे चुऱ्याविषयी थोडे आणि सफरचंदाला सुटणाऱ्या पाण्याविषयी पुष्कळ लिहिले आहे.

खालील प्रमाण 23 सेंटिमीटर व्यासाच्या आणि साधारण 4 सेंटिमीटर खोल भांड्यासाठी आहे. पारीसाठी 160 ग्रॅम मैदा, 110 ग्रॅम थंडगार बिनमिठाचे बटर, अर्धा छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा साखर आणि तीन ते चार मोठे चमचे बर्फाचे पाणी घ्यावे. सारणासाठी 1200 ग्रॅम सफरचंदे, 100 ग्रॅम साखर, एक मोठा चमचा लिंबाचा रस, एक छोटा चमचा दालचिनीची पूड, थोडे किसलेले जायफळ, पाव छोटा चमचा मीठ, दोन सपाट मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि 30 ग्रॅम बटर लागेल. चुऱ्यासाठी 120 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम ब्राउन शुगर, अर्धा छोटा चमचा दालचिनी, चिमूटभर मीठ आणि 85 ग्रॅम वितळवलेले बटर पुरते.

पारीबद्दल एवढेच सांगतो की तिचे पीठ मळायचे नसते. बटरचे तुकडे मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळावेत, काही तुकडे वाटाण्याएवढे राहिले असतानाच थांबावे, आणि पाणी शिंपडून पीठ नुसते एकत्र आणावे. पीठ दिसले की ते मळून मऊ करण्याची हाताची सवय इथे आवरावी लागते, कारण मळल्याने मैदा चिवट होतो आणि बटर वितळून पदर नाहीसे होतात. गोळा चपटा करून तासभर फ्रिजमध्ये ठेवावा, तीन मिलिमीटर जाडीची पारी लाटावी आणि ती न ताणता भांड्यात बसवावी. ताणलेली पारी भाजताना आकसून खाली घसरते. कडा दुमडून, चिमटून, पारी बसवलेले भांडे पुन्हा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे.

भांडे धातूचेच घ्यावे. चिनी मातीचे भांडे दिसायला देखणे असले तरी ते तापायला इतका वेळ घेते की तोवर सारणाचे पाणी पारीत मुरलेले असते. काचेच्या भांड्यातून तळाचा रंग दिसतो हे खरे, परंतु फ्रिजमधून काढलेली काच तापलेल्या लोखंडी तव्यावर किंवा ट्रेवर ठेवली तर ती तडकण्याचा धोका असतो, आणि ही कृती नेमकी तशा ट्रेवरच अवलंबून आहे.

सफरचंदे आंबट आणि घट्ट गराची हवीत. ग्रॅनी स्मिथ हा माझा पाया आहे आणि त्यात तिसरा हिस्सा गोल्डन डिलिशियस किंवा ब्रेबर्न घातले तर चवीला खोली येते. मॅकिंटॉश भाजल्यावर विरघळून जाते. रेड डिलिशियसचा नुसता रंग चांगला. भाजल्यावर त्याला चव उरत नाही. साले आणि बिया काढून सहा-सात मिलिमीटर जाडीच्या फोडी कराव्यात, आणि त्या शक्य तितक्या सारख्या असाव्यात.

आता मूळ अडचण. सफरचंदाच्या वजनाचा सुमारे 85 टक्के भाग पाणी असतो. त्याच्या फोडींना साखर लागली की पाणी सुटू लागते, उष्णता लागली की आणखी सुटते, आणि ते सगळे तळाशी जाऊन कच्च्या पारीवर साचते. पाणी आहे तोवर पारीचा तो भाग 100 अंश सेल्सिअसच्या फारसा वर जात नाही, आणि मैदा तांबूस, खुसखुशीत व्हायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. थोडक्यात, पारी भाजली जात नाही, ती उकडली जाते. हे कारण माहीत नसल्यामुळे मी सुरुवातीचे कितीतरी पाय वाया घालवले. एकदा तर पाहुण्यांसमोर पाय कापला आणि सुरी बाजूला ठेवून वाट्या-चमचे आणावे लागले.

त्या काळात मला मिळालेला प्रत्येक सल्ला मी करून पाहिला आहे. कॉर्नफ्लोअर दुप्पट करा, असे सर्रास सांगितले जाते. त्याने रस आटत नाही, त्याची खळ होते, आणि सफरचंदाची चव त्या खळीत बुडते. पारीवर अंड्याचा पांढरा बलक फासा, असेही सांगतात. तो पातळ थर तासभर उकळणाऱ्या रसापुढे टिकत नाही. तळाशी ब्रेडचा चुरा पसरला तर तो थोडे पाणी शोषतो आणि मग स्वतःच लगदा होऊन बसतो. पारी आधी रिकामी भाजून घेण्याची पद्धत अंड्या-दुधाच्या सारणासाठी उत्तम आहे, पण या पायला पुढे आणखी तासभर ओव्हनमध्ये राहायचे असते, त्यामुळे तळ वाचवण्याच्या नादात कडा करपतात. हे सगळे उपाय पाणी आत शिरल्यावर त्याचे काय करायचे ते सांगतात. खरा उपाय म्हणजे पाणी पारीत जाण्यापूर्वीच काढून घेणे.

त्यासाठी फोडींना साखर, लिंबाचा रस, दालचिनी, जायफळ आणि मीठ लावून त्या पातेल्यात एक तास मुरत ठेवाव्यात. पंधरा-वीस मिनिटांत भागेल असे वाटते, पण भागत नाही. अर्ध्या तासानंतरही बरेच पाणी सुटत असते. तासाभराने फोडी चाळणीत घालून, खाली भांडे ठेवून, दहा मिनिटे निथळू द्याव्यात. अर्धी वाटी किंवा त्याहून जास्त रस जमतो. पूर्वी हाच सगळा रस आपल्या पारीवर ओतला जात होता हे पाहिले की पुढचे समजावून सांगावे लागत नाही. हा रस फेकू नये, कारण साखर, आंबटपणा आणि सफरचंदाचा सगळा गंध त्यातच उतरलेला असतो. त्यात 30 ग्रॅम बटर घालून मध्यम आचेवर तो निम्म्याहून थोडा कमी होईपर्यंत आटवावा. पातेले हलवत राहावे, पण चमच्याने ढवळू नये. बुडबुडे मोठे, संथ आणि चकचकीत दिसू लागले की आच बंद करावी. इथे हयगय झाली तर दोन मिनिटांत त्याचा पक्का पाक होतो आणि रंग गडद होऊन कडवट चव येते.

निथळलेल्या फोडींवर प्रथम कॉर्नफ्लोअर भुरभुरवावे आणि पांढरेपणा कुठेही दिसेनासा होईपर्यंत हाताने हलके कालवावे, नाहीतर भाजल्यावर त्याच्या गुठळ्या मिळतात. त्यानंतर कोमट झालेला पाक ओतावा. थंड फोडींना लागताच तो कधीकधी आळतो आणि त्याच्या तारा होतात. पहिल्यांदा हे झाले तेव्हा मी घाबरून सगळे सारण पुन्हा गरम करायला घेतले होते आणि त्याचा मुरंबा करून ठेवला होता. तसे काही करू नये, ओव्हनमध्ये तो पाक आपोआप विरघळतो. सारण पारीत भरले की पाय लगेच ओव्हनमध्ये जायला हवा. भरलेला पाय ओट्यावर ठेवून चुरा करायला बसणे म्हणजे इतका वेळ केलेल्या कष्टांवर पाणी सोडणे, आणि ते अगदी शब्दशः.

म्हणून चुरा आधीच तयार असावा. मैदा, साखर, दालचिनी आणि मीठ एकत्र करून त्यावर वितळवलेले, पण गरम नसलेले बटर ओतावे, काट्याने कालवावे आणि हाताने हरभऱ्याएवढे खडे करून फ्रिजमध्ये ठेवावे. त्यात ओट्स घालण्याची टूम मला पटत नाही. तो वेगळा पदार्थ आहे.

ओव्हन 220 अंशांवर निदान अर्धा तास तापवावा आणि सर्वांत खालच्या कप्प्यात जाड ट्रे आधीपासूनच ठेवलेला असावा. फ्रिजमधली पारी, त्यात भरलेले सारण आणि खाली कडकडीत तापलेला ट्रे अशी ही जुळणी आहे. तळाला पहिल्या काही मिनिटांतच उष्णता मिळते आणि सारण उकळायच्या आत पारी धरते. ओव्हनचा मधला कप्पा वापरावा हा सल्ला केकसाठी ठीक आहे, इथे नाही. पहिली 25 मिनिटे चुऱ्याशिवाय, वर फॉइल सैलसर टाकून भाजावे. नंतर फॉइल काढून चुरा न दाबता पसरावा, तापमान 190 अंशांवर आणावे आणि आणखी 35 ते 45 मिनिटे द्यावीत. चुरा सुरुवातीपासून घातला तर 220 अंशांवर तो तळाच्या कितीतरी आधी काळवंडतो, आणि मग भीतीने पाय अर्धवट भाजलेलाच बाहेर काढला जातो.

पाय झाला की नाही हे चुऱ्याच्या रंगावरून ठरवू नये. रस कडेने लवकर उकळतो. तो अगदी मधोमध, चुऱ्याच्या फटींतून, जड आणि संथ बुडबुड्यांनी वर येऊ लागला तरच कॉर्नफ्लोअर पुरते शिजले असे समजावे, कारण त्याला घट्ट व्हायला सुमारे 95 अंशांची गरज असते. चुरा आधीच गडद झाला असेल तर वर फॉइल टाकावी, पण वेळ कमी करू नये.

जाळीवर चार तास गार होऊ द्यावा. गरम पाय कापला तर सारण वाहते, मग आधी कितीही काळजी घेतलेली असो, कारण रस गार होतानाच आळतो. लवकर गार व्हावा म्हणून फ्रिजमध्येही ठेवू नये, वाफ अडकून चुरा मऊ पडतो. उरलेला पाय दुसऱ्या दिवशी 180 अंशांवर दहा-बारा मिनिटे तापवला की पारी आणि चुरा दोन्ही पुन्हा कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये होत नाहीत.