गाडीची कागदपत्रे आणि बदललेला मोटार वाहन कायदा : आधी काय करावे, मग काय

मूळ मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. संसदेने २०१९ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती केली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून तिच्यातील दंडाची कलमे देशात लागू झाली. महाराष्ट्राने मात्र वाढीव दंड त्या वेळी रोखून धरला आणि आपले स्वतःचे दर डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केले. व्हॉट्सअॅपवर फिरणारे दंडाचे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत, याचे कारण येथे आहे. कायद्याच्या कलमात लिहिलेला दंड वेगळा असतो, आणि प्रकरण न्यायालयात न नेता जागेवर मिटवण्यासाठी राज्याने ठरवलेले तडजोड शुल्क वेगळे असते. हेल्मेट नसल्यास कलमात १,००० रुपये आहेत, तर महाराष्ट्राचे तडजोड शुल्क ५०० रुपये आहे. पण त्याच कलमात तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे, आणि तक्ते पुढे पाठवणारे नेमकी तीच विसरतात. लायसन्स नसताना गाडी चालवल्यास ५,००० रुपये लागतात आणि अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकावरही वेगळी कारवाई होते.

दंडाच्या आकड्यांपेक्षा मोठा बदल दुसराच आहे. आरटीओचा बराचसा कारभार खिडकीवरून मोबाईलवर गेला आहे. लायसन्सची कामे ‘सारथी’ आणि गाडीची कामे ‘वाहन’ या पोर्टलवर होतात. आधारवरून ओळख पटली तर शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरी बसून देता येते आणि पुढे पक्क्या लायसन्सचे तयार झालेले कार्ड स्पीड पोस्टाने घरी येते. माजलगाव किंवा औंढ्याच्या माणसाची जिल्ह्याच्या ठिकाणची खेप आणि बुडणारा रोज यामुळे वाचू शकतो. अट एकच आहे : सरकारी नोंदीत मोबाईल नंबर आपलाच असला पाहिजे.

आणि गाडे तिथेच अडते. मराठवाड्यात वर्षानुवर्षे लायसन्स काढले गेले ते एजंटामार्फत, आणि अर्जावर नंबर लिहिला गेला तोही बहुधा एजंटाचाच. गाडी शोरूममधून घेतली तर तिथल्या एखाद्या मुलाचा. माझ्या चुलत्यांच्या मोटारसायकलवर चार चलने साचली होती आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता, कारण प्रत्येक संदेश अशा एका नंबरवर जात होता ज्याचा धनी ते दुकान सोडून केव्हाच गेला होता. म्हणून दुसऱ्या कोणत्याही कामाला हात लावण्यापूर्वी ‘वाहन’ पोर्टलवर गाडीच्या नोंदीतील आणि ‘सारथी’वर लायसन्सच्या नोंदीतील मोबाईल नंबर बदलून घ्यावा. गाडीसाठी नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि नोंदणीची तारीख लागते, त्यामुळे आरसी पुस्तक समोर ठेवूनच बसावे. चासी क्रमांकातील शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांत गल्लत झाली की पोर्टल नोंद सापडत नाही म्हणते, आणि माणूस उगीच सर्व्हरला दोष देत बसतो.

नावाचा घोळ याहून त्रासदायक आहे. आधारवर आडनाव शेवटी आणि आरसीवर ते सुरुवातीला, किंवा एकीकडे ‘पांडुरंग’च्या इंग्रजी स्पेलिंगात एक अक्षर जास्त, एवढ्यावरून आधारची पडताळणी फसते. अशा वेळी पुनःपुन्हा ओटीपी मागवत बसू नये. कोणती नोंद बरोबर आहे ते शाळा सोडल्याचा दाखला किंवा पॅन कार्ड पाहून ठरवावे आणि चुकलेली तेवढीच दुरुस्त करून घ्यावी. आरसीवरचीच चूक असेल, तर मूळ कागद घेऊन कार्यालयात जाण्याला पर्याय नाही. आपले कार्यालय कोणते, हे नंबर प्लेटच सांगते : एमएच २० छत्रपती संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड, ३८ हिंगोली आणि ४४ अंबाजोगाई. तालुक्याच्या गावी आरटीओचा कॅम्प भरत असेल, तर त्याची तारीख आधी विचारून घ्यावी.

मोबाईल नंबर मार्गी लागला की लायसन्सची मुदत तपासावी. पूर्वी मुदत संपल्यानंतरही तीस दिवस लायसन्स चालत असे. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत काढून टाकली, तरीही चावडीवर अजून ‘महिनाभर चालतंय की’ असे ऐकू येते. ते आता खरे नाही. मुदत संपलेल्या दिवसापासून आपण विनालायसन्स आहोत असे समजावे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत करता येतो. त्यापुढे उशीर झाला तर वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. खासगी वाहनांच्या लायसन्सची मुदत आता वयावर ठरते. तिशीच्या आत काढलेले लायसन्स चाळीस वर्षे पूर्ण होईपर्यंत, तीस ते पन्नास या वयात काढलेले दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्न या वयातले साठ पूर्ण होईपर्यंत आणि त्यापुढचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचे. चाळिशीनंतर नमुना १-अ मधील डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ज्यांच्याकडे अजून जुने पुस्तकी लायसन्स आहे, त्यांचा क्रमांक पुष्कळदा ‘सारथी’वर दिसतच नाही. त्यांनी जुनी नोंद संगणकावर चढवण्याचा अर्ज मुदत संपण्याची वाट न पाहता आजच करावा, कारण ती नोंद चढल्याशिवाय नूतनीकरणाचा अर्ज पुढे सरकत नाही.

ट्रॅक्टर, छोटा टेम्पो किंवा मालवाहू रिक्षा चालवणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेला निकाल मोलाचा आहे. हलक्या वाहनाचे, म्हणजे एलएमव्हीचे लायसन्स असलेला चालक साडेसात हजार किलोंच्या आतील वाहतुकीचे वाहन वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकतो, असे त्यात स्पष्ट झाले. त्यामुळे चालकाकडे ‘ट्रान्सपोर्ट’चा शेरा नव्हता, एवढ्याच कारणावर विमा कंपनीने दावा अडवला तर हा निकाल दाखवावा. वजनाची मर्यादा मात्र विसरू नये. मोठ्या ट्रकला हा निकाल लागू नाही.

विम्याच्या बाबतीत एक वेळापत्रक लक्षात ठेवण्यासारखे आहे. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा आणि नवीन मोटारीला तीन वर्षांचा त्रयस्थ-पक्ष विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा, एकदमच घ्यावा लागतो. पाच वर्षे हप्त्याची आठवण करून देणारे कोणी नसते आणि मग दसऱ्याला घेतलेली गाडी सहाव्या वर्षी विम्याविना रस्त्यावर धावत राहते. विमा नसल्यास पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे. दंडाचे एवढे काही नाही. अशा गाडीने कोणाचा जीव गेला, तर अपघात न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई मालकाच्या घरादारातून वसूल होते, हे खरे संकट आहे.

गाडीची नोंदणी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल, तर तिला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, बसवणे बंधनकारक आहे. राज्यात दुचाकी आणि ट्रॅक्टरसाठी ४५०, तीनचाकीसाठी ५०० आणि इतर वाहनांसाठी ७४५ रुपये असा दर ठरला, जीएसटी वेगळा. मुदत आधी ३१ मार्च २०२५ होती आणि पुढे ती अनेकदा वाढवण्यात आली. पाटी बसवण्याचे काम नाव बदलण्याच्या आधी उरकावे, कारण पाटी नसलेल्या गाडीचे हस्तांतर किंवा बोजा (कर्जाची नोंद) उतरवण्याचे काम कार्यालय अडवू शकते.

आता हस्तांतर. आठवडी बाजारात किंवा ओळखीत जुनी गाडी विकताना नमुना २९ आणि ३० या हस्तांतराच्या अर्जांवर कोऱ्या सह्या करून किल्ली देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. ती तातडीने बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे की, गाडी प्रत्यक्षात विकलेली असली तरी नोंदवहीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक. म्हणजे कळंबला विकलेली गाडी तीन हात फिरून पुण्यात कोणाला धडकली, तर नोटीस पहिल्या मालकाच्या दारात येणार. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कार्यालयाला कळवायचे असते. विकणाऱ्याने तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा लिहिलेली विक्री-पावती करावी, घेणाऱ्याच्या आधारची प्रत घ्यावी आणि आपला अर्ज आपणच भरून पोचपावती जपावी. ‘नंतर करू नावावर’ म्हणणाऱ्याकडून थोडी रक्कम कमी मिळाली तरी चालेल, पण ओटीपी समोरासमोर देऊनच व्यवहार पूर्ण करावा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ आधी द्यावा लागतो.

मालक वारला असेल तर वारसाने तीस दिवसांत कार्यालयाला कळवल्यास तीन महिन्यांपर्यंत गाडी वापरता येते, आणि त्या काळातच नमुना ३१ भरून ती नावावर करायची असते. प्रत्यक्षात वडिलांच्या नावाची मोटारसायकल वर्षश्राद्ध उलटून गेल्यावरही तशीच चालू असते, कारण भावाभावांत ती कोणाची हे कोणी बोलत नाही. २०२१ पासून आरसीवर नामनिर्देशित व्यक्तीचे नाव घालता येते. वडील हयात असताना एवढे केले, तर पुढची बरीच धावपळ वाचते.

लातूर, नांदेडात शिकवणीला स्कूटीवर जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी कलम १९९-अ नीट वाचावे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, शिवाय त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळते ते पन्नास सीसीच्या आतील विनागियर दुचाकीचे, आणि दारात उभी असलेली शंभर-सव्वाशे सीसीची स्कूटी त्यात बसत नाही.

राहिले चलन. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले की थकीत चलने छायाचित्रासह दिसतात. छायाचित्र मोठे करून पाहावे. पाटीवरील एखादा आकडा चुकीचा वाचला गेल्याने दुसऱ्याच गाडीचे चलन आपल्या नावावर पडलेले असू शकते, आणि तसे असल्यास पैसे न भरता तेथेच तक्रार नोंदवावी, आपल्या गाडीचा फोटो सोबत जोडावा. मोबाईलवर ‘आरटीओ चलन’ या नावाची एपीके फाईल (म्हणजे उघडताच फोनमध्ये अॅप बसवणारी फाईल) आली तर ती उघडू नये. सरकारी चलन फाईलच्या रूपात येत नाही आणि सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. फाईल चुकून उघडली गेलीच, तर मोबाईलचा डेटा बंद करून दुसऱ्या फोनवरून १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे आणि बँकेला खाते गोठवायला सांगावे.