लेआउट कायमचा बसवताय? सांधा घट्ट, पोट मोकळं

दहा वर्षं आमच्या मॉडेल रेल्वे क्लबचा लेआउट, म्हणजे छोट्या गाड्या चालवायचा रुळांचा देखावा, टेम्पोतून फिरला. शाळांची सभागृहं, मंगल कार्यालयं, एकदा तर गणपतीचा मांडव. एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणातली चौदा मॉड्यूल, म्हणजे एकमेकांना जोडायचे सुटे भाग, प्रत्येक चार फूट बाय दोन फूट. मग पुण्यातच एका सदस्याच्या घरच्या बंद पडलेल्या छापखान्याची खोली मिळाली आणि सल्ला देणाऱ्यांची रांग लागली. सगळ्यांचं म्हणणं एकच, 'आता हलवायचं नाही ना, मग एकदाचं पक्कं करून टाका.' या मंडळींपैकी एकानेही एकाच लेआउटवर एक अख्खा एप्रिल आणि एक अख्खा जुलै काढलेला नव्हता.

जागेची निवड, मापं, वाळवीचं औषध, भिंतीची ओल हे तुम्ही बघितलं असेलच. ओल असेल तर आधी गवंडी बोलवा, सुतार नंतर. लेआउट भिंतीला टेकवू नका, हात जाईल एवढी जागा मागे ठेवा. समोरून अडीच फुटांपलीकडे हात पोचत नाही, आणि डबा नेमका तिथेच घसरतो. माणसं वावरायची वाट तीन फुटांची हवी; दोन फुटांत दोन ढेरपोटे सदस्य एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, हे आम्ही करून पाहिलं आहे.

पातळी

आपल्याकडे फरशीला मोरीकडे किंवा दाराकडे उतार असतोच. डोळ्यांना तो दिसत नाही, इंजिनाला कळतो. आमचा लेआउट कर्जत ते लोणावळा आहे. भोर घाटाचा खरा चढ ३७ला १, तोच आम्ही ठेवला आहे. फरशी चार फुटांत एक सेंटिमीटर उतरत असेल आणि तुम्ही पाय तसेच टेकवलेत, तर १२०ला १ इतका उतार त्यात मिळतो आणि चुकीच्या दिशेला तोच चढ २८ला १ होतो. मग बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन, लावूनही गाडी घाटातल्या मंकी हिलला बसते. म्हणून प्रत्येक पायाला खालून उंची कमीजास्त करता येणारा बोल्ट लावा आणि गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. फूटभर लांबीच्या लेव्हलवर विश्वास ठेवू नका. ती प्रत्येक मॉड्यूल सरळ असल्याचं सांगते आणि चौदावं मॉड्यूल पहिल्यापेक्षा दोन बोटं खाली निघतं.

पातळी झाली की बोल्ट हातानेच आवळा, आणि पंधरा दिवस काहीही करू नका. लाकडाला खोलीची हवा लागू द्या. उत्साही सदस्यांना या काळात डबे पुसायला बसवा.

सांधे

आता खरं काम. आम्ही खोलीत आलो ऑगस्टमध्ये. पोर्टेबल काळात दोन मॉड्यूलमध्ये रुळाचा छोटा सुटा तुकडा बसवायचो, तो दर प्रदर्शनात त्रास द्यायचा. तो काढून टाकायचा हे बरोबरच ठरवलं. पण त्याच जोशात सगळेच रूळ सलग सोल्डर केले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हात फिरवला तर सांधा लागत नव्हता. मीच केलं होतं, आणि चार महिने येईल त्याला दाखवत होतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कुलूप उघडलं तर घाटातला रूळ सुरवंटासारखा पाठ उंचावून उभा. स्लीपरच्या खुंट्या तुटलेल्या, तीन ठिकाणी.

सगळे म्हणाले, उकाडा. उकाडा अर्धाच गुन्हेगार. निकेल सिल्व्हरचा एक मीटर रूळ एका अंश सेल्सिअसला साधारण ०.०१६ मिलिमीटर वाढतो. दहा मीटर आणि पंधरा अंश धरले तर जेमतेम अडीच मिलिमीटर. बाकीचा अर्धा लाकडाचा. ऑगस्टच्या दमट हवेत प्लायवूड आणि चौकट फुगलेली होती. उन्हाळ्यात ती सुकून आखडली आणि रूळ त्याच वेळी लांबला. दोघं विरुद्ध दिशेला निघाले आणि मधे अडकलेल्या रुळाला वर उठण्याखेरीज जागा उरली नाही.

यावरून मी जे शिकलो ते असं: मॉड्यूलच्या टोकाला रूळ घट्ट बांधा आणि मोकळीक मॉड्यूलच्या पोटात ठेवा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

टोकाला घट्ट म्हणजे कसं, तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना शेवटच्या स्लीपरच्या जागी तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाची पट्टी पितळी स्क्रूने बसवायची. पट्टीवरचं तांबं मध्यभागी खरवडून दोन रुळांत वीज तोडायची. हे विसरलात तर शॉर्ट शोधण्यात रविवार जातो. रूळ सांध्यावरून सलग टाकून दोन्ही पट्ट्यांना सोल्डर करायचा आणि मगच पातळ डिस्कने कापायचा. आधी कापून मग जुळवणं मी दोन वर्षं केलं. टोकं कधीच समोरासमोर आली नाहीत.

टोकं अशी डांबल्यावर रुळाला आखडायला-पसरायला जागा मॉड्यूलच्या मध्यावर द्यायची. तिथे रूळ कापा, जॉइनर, म्हणजे दोन रूळ जोडणारी धातूची छोटी खाच, घाला, पण सोल्डर करू नका. फट किती? ते महिन्यावर ठरतं. मे महिन्यात काम करत असाल तर कागद जाईल एवढी पुरे, कारण लाकूड सुकलेलं आणि रूळ लांबलेला आहे. पुढे फट उघडणारच. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण एक मिलिमीटर ठेवा. आमच्या खोलीत फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, मोजलं तर दोन टोकांच्या ऋतूंत पाऊण मिलिमीटरचा फरक पडतो. खोलीवर पत्रा असेल तर याहून जास्त धरा. आणि कोणी आतली फट 'दिसते' म्हणून सोल्डरने भरू लागला तर त्याच्या हातातून इस्त्री, म्हणजे सोल्डरिंगची, काढून घ्या.

मॉड्यूल एकमेकांना फेव्हिकॉलने चिकटवू नका. वॉशर आणि बोल्टच. 'कायमचं' हा शब्द घरमालकाच्या मुलांना मान्य असेलच असं नाही.

वायरिंग आणि चाचणी

जॉइनरवर विजेसाठी भरवसा ठेवू नका. फटीच्या दोन्ही बाजूंच्या रुळाला स्वतंत्र फीडर, म्हणजे वीज पोचवणारी बारीक तार, द्या, खाली या सगळ्यांना जोडणारी अडीच चौरस मिलिमीटरची जाड बस वायर. डीसीसी, म्हणजे गाड्यांचं डिजिटल नियंत्रण, असेल तर एक रुपयाचं नाणं रुळांवर आडवं टाकत संपूर्ण लेआउट चाला. जिथे बूस्टर, म्हणजे रुळांना वीज देणारा डबा, ट्रिप होत नाही तिथे फीडर कमी आहे.

मग एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीच्या लांब डब्यांची अख्खी गाडी चालवा. खरा डबा साडेतेवीस मीटरचा, एचओमध्ये २७ सेंटिमीटर होतो आणि वळणावर त्याचा कोपरा प्लॅटफॉर्मला घासतो. जुने आयसीएफ डबे निमूट गेले म्हणून खूश होऊ नका, ते अडीच सेंटिमीटरने आखूड आहेत.

लेआउट एका जागी बसवून वर्षानुवर्षं चालवणं कसं असतं ते बघायचं असेल तर कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे.

धुळीसाठी प्लास्टिक टाकू नका, पावसाळ्यात त्याच्या आतून घाम सुटतो आणि रूळ काळे पडतात. जुनं सुती कापड घ्या. आमच्या घाटावर सध्या एका सदस्याच्या आईच्या दोन इरकली साड्या आहेत. काठ खंडाळ्याच्या बाजूला येतील अशाच घालायच्या, असं त्या बजावून गेल्या आहेत.