शैक्षणिक संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांनो, या चुका टाळा

महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये शैक्षणिक संशोधनाचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. पहिले, "ते बी.एड.वाल्यांचे काम आहे" आणि दुसरे, "कॅसची (म्हणजे पदोन्नतीच्या योजनेची) फाईल द्यायची आहे, एखादा पेपर करून टाकू." पहिल्या वाक्यात या संशोधनाविषयीची उदासीनता आहे, दुसऱ्यात त्याची व्यवहारातली किंमत आहे. जळगावचे विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले ते जळगाव, धुळे आणि आता नंदुरबार या जिल्ह्यांतील महाविद्यालयांसाठी. पण या भागातला विद्यार्थी कसा शिकतो आणि कोठे अडतो, हे प्रश्न आपल्या संशोधनात अजूनही कमी येतात. संशोधनाचा हेतू फाईलपुरता राहिला की पुढच्या चुका ओघाने होत जातात, असे माझे मत आहे.

विषय शीर्षकापासून ठरवणे

"अमुक तालुक्यातील तमुक स्तरावरील विद्यार्थ्यांच्या अभिवृत्तीचा चिकित्सक अभ्यास" या साच्यात तालुक्याचे नाव बदलले की नवा विषय तयार होतो आणि संशोधन मान्यता समितीसमोर तो टिकतोही. अडचण डेटा हाती आल्यावर जाणवते, कारण नेमके काय शोधायचे होते हे संशोधकालाच सांगता येत नाही. याउलट, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी प्रथम वर्ष विज्ञानात आकडेमोड बिनचूक करतो, पण "असे का होते ते लिहा" म्हटले की पान कोरे सोडतो, हे रसायनशास्त्राचा प्रत्येक प्राध्यापक दरवर्षी पाहतो. त्याला विषय समजलेला नाही की लिहिण्याची भाषा येत नाही, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे आणि तो शोधण्याची संधी रसायनशास्त्राच्याच शिक्षकाला सर्वांत जास्त आहे.

प्रश्नावलीची भाषा गृहीत धरणे

ही चूक मी स्वतः केली आहे. साक्री तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी प्रश्नावली वाटली होती. तिच्यातले एक विधान होते, "वर्गात शंका विचारताना मला संकोच वाटतो", आणि पुढे "पूर्ण सहमत" ते "पूर्ण असहमत" असे पाच रकाने होते. थोड्या वेळाने मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "सर, संकोच म्हंजे काय शे?" मी उत्तर देण्याआधीच शेजारचा म्हणाला, "पहिलाच रकाना कर." गोळा केलेल्या कागदांपैकी निम्म्याहून अधिक कागदांवर पहिल्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा होत्या. "मला शाळेत यायला आवडते" याला पूर्ण सहमत आणि "मला शाळेत यावेसे वाटत नाही" यालाही पूर्ण सहमत!

ती दोन उलट विधाने प्रश्नावलीत होती म्हणून हा घोळ लक्षात आला. सगळी विधाने एकाच दिशेची असती, तर या सरसकट होकारामुळे क्रॉनबॅक अल्फाचे, म्हणजे विधानांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात हे दाखवणाऱ्या विश्वसनीयतेच्या आकड्याचे, मूल्य उलट वाढले असते आणि ०.७ ची नेहमीची अट ओलांडल्याचे समाधान मानून मी पुढे गेलो असतो. तेव्हा विश्वसनीयतेचा आकडा चांगला आला म्हणजे मुलांना प्रश्न समजले, असे धरून चालू नये.

यावरचा उपाय फारसा खर्चाचा नाही. प्रत्यक्ष जिथे अभ्यास करायचा तिथल्याच पाच-सहा मुलांना प्रत्येक विधान वाचायला द्यावे आणि त्याचा अर्थ त्यांच्या बोलीत सांगायला लावावे. "माले लाज वाटस" हे शब्द मला अशाच बैठकीत मिळाले आणि "संकोच" काढून मी "लाज" लिहिले. मात्र खानदेशात अहिराणी आली की सगळे आले, असेही नाही. रावेर-यावलकडे लेवा बोली आहे, नवापूरकडे मावची आहे, धडगावकडे पावरी आहे; त्यामुळे जळगाव शहरातल्या शाळेत पायलट (साधनाची प्राथमिक तपासणी) घेऊन तेच साधन सातपुड्यातल्या आश्रमशाळेत वापरणे ही चूकच आहे.

३८४ हा आकडा डोळे मिटून वापरणे

क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० चा नमुना-तक्ता जवळपास प्रत्येक प्रबंधात दिसतो आणि मोठ्या लोकसंख्येसाठी त्यातला ३८४ हा आकडा उचलला जातो. तो आकडा साध्या यादृच्छिक निवडीसाठी आहे, म्हणजे संपूर्ण यादीतून एकेक विद्यार्थी स्वतंत्रपणे निवडलेला असावा लागतो. आपण प्रत्यक्षात आठ शाळांतले आठ वर्ग निवडतो आणि प्रत्येक वर्गातील ५० मुलांकडून कागद भरून घेऊन ४०० चा नमुना झाला असे लिहितो. एका वर्गातली मुले एकाच शिक्षकाकडे शिकतात, बहुधा एकाच गावची असतात, म्हणून त्यांची उत्तरे एकमेकांसारखी येतात. हे साधर्म्य, म्हणजे अंतर्वर्ग सहसंबंध, समजा फक्त ०.१ धरले, तरी १ + (४९ × ०.१) = ५.९ या गुणकाने ४०० ला भागावे लागते आणि हाती उरतो सुमारे ६८ स्वतंत्र विद्यार्थ्यांइतका नमुना. म्हणून त्याच शाळेतली मुले वाढवण्यापेक्षा शाळा वाढवाव्यात आणि प्रत्येकीतून थोडी मुले घ्यावीत. व्हॉट्सॲपच्या गटांवर गुगल फॉर्म टाकून आलेल्या प्रतिसादांना तर यादृच्छिक नमुना म्हणूच नये.

नमुन्याइतकेच भान पंचांगाचेही ठेवावे. कापूस वेचणीच्या दिवसांत किंवा दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला गेल्यावर वर्गात जी मुले हजर असतात, त्यांच्याकडूनच गळतीच्या कारणांची प्रश्नावली भरून घेणे निरर्थक आहे. हजेरीपटावरची गैरहजर नावे आधी उतरवून घ्यावीत, कारण ज्यांच्याविषयी अभ्यास आहे ती मुले त्याच यादीत असतात.

नियंत्रित गटाला कंटाळवाणे शिकवणे

नवी अध्यापन पद्धत विरुद्ध व्याख्यान पद्धत, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि शेवटी सार्थक "टी" मूल्य, म्हणजे दोन गटांतला फरक केवळ योगायोगाचा नसावा असे सांगणारा आकडा, हा प्रयोग आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. त्यात दोन्ही वर्गांना स्वतः संशोधकच शिकवतो, चाचणीही तोच काढतो आणि निष्कर्ष काय यावा हे त्याला आधीच ठाऊक असते. मग नव्या पद्धतीच्या वर्गात उत्साह असतो आणि तुलनेसाठी घेतलेल्या व्याख्यानाच्या वर्गात, म्हणजे नियंत्रित गटात, केवळ औपचारिकता उरते. चाचणी सहकाऱ्याकडून काढून घ्यावी, उत्तरपत्रिकांवरची नावे झाकून त्या दुसऱ्याने तपासाव्यात, दोन्ही गटांना तासिका मोजून सारख्या द्याव्यात आणि पुढच्या घटकाला गटांची अदलाबदल करावी. इतके केल्यावर फरक उरला नाही, तर तसेच लिहावे. शून्य परिकल्पनेचा, म्हणजे "दोन्ही पद्धतींत फरक नाही" या गृहीतकाचा, त्याग करता आला नाही म्हणून ती सिद्ध झाली, असे मात्र लिहू नये. तसेच ०.०५ स्तरावर, म्हणजे शंभरात पाच वेळा चुकण्याची शक्यता मान्य करून, वीस तुलना केल्या तर एखादी केवळ योगायोगाने सार्थक ठरू शकते, म्हणून मुख्य तुलना कोणती हे आधीच ठरवून ठेवावे.

घाईने छापणे

पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांच्या मागे लागण्याचे कारण आता बरेच कमी झाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती राहिली नाही आणि आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाल्याचे जाहीर झाले. त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता आपल्यावर आणि आपल्या संस्थेवर आहे. वाङ्मयचौर्य तपासणीत इतरांच्या मजकुराशी दिसणारे साम्य १० टक्क्यांच्या आत आणण्यासाठी शब्द फिरवत बसण्यापेक्षा संबंधित साहित्याचे प्रकरण स्वतः वाचून लिहिले, तर तो प्रश्न सहसा उद्भवत नाही.

वेळेची तक्रार मात्र खरी आहे. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असते, त्यावर प्रवेश, परीक्षा आणि नॅकचे (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचे) काम येते, आणि तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याला तर पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हेच ठाऊक नसते. अशा वेळी पाच उद्दिष्टांचा आराखडा घेऊ नये. दोन महाविद्यालयांतल्या दोघांनी एक प्रश्न, एक घटक आणि एक सत्र एवढेच ठरवावे.

शाळेला काहीच न कळवणे

साक्रीच्या त्याच शाळेत सुधारलेली प्रश्नावली घेऊन मी पुन्हा गेलो, तेव्हा मुख्याध्यापकांनी चहा मागवला आणि विचारले, "सर, मागच्या वेळचे काय निघाले?" मागचे कागद मी रद्द केले होते आणि ते त्यांना कळवण्याचे मला सुचलेही नव्हते. दुसऱ्या वेळचे निष्कर्ष मी एका पानावर, मोठ्या अक्षरांत, एकही तक्ता न घालता लिहून नेले. त्यातल्या दोन ओळींखाली त्यांनी तिथेच पेनाने रेघ ओढली आणि शिपायाला सांगितले, "गणिताच्या सरांना जरा बोलाव."