मुलाच्या ताब्याचा दावा चालू असताना सोशल मीडियावरच्या पोस्ट: काय टाकू नये, समोरच्याची कशी थांबवावी

हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 22 प्रमाणे त्या कायद्याखालची सुनावणी बंद दालनात चालते आणि तिच्याविषयी काहीही प्रसिद्ध करायला मनाई आहे. दंड जास्तीत जास्त 1000 रुपये, म्हणजे किरकोळच. खरा फटका ताब्याच्या अर्जात बसतो. न्यायालय मुलाचं हित बघतं, आणि समोरचे वकील तुमचीच पोस्ट छापून अर्जाला जोडतात.

त्यामुळे दाव्याचा नंबर, आदेशाचा फोटो, समुपदेशकासमोर झालेलं बोलणं, यातलं काहीच टाकू नका. ‘काही लोकांना लेकरापेक्षा पैसा मोठा’ असं स्टेटस नाव न घेता ठेवलं, तरी ते कोणासाठी आहे हे सगळ्यांना कळतं. भेटीच्या दिवशी रडणाऱ्या मुलाचा व्हिडिओ तर कधीच नको. मामा-आत्याच्या अकाउंटवरून टाकला तरी बोट तुमच्याकडेच येतं.

आधीच टाकून बसला असाल तर घाबरून उडवू नका. स्क्रीनशॉट बहुधा समोरच्याकडे असतोच, वर पुरावा नष्ट केल्याचा आरोप येतो. आधी प्रत जपा आणि वकिलांना दाखवा, मग ते सांगतील तसं करा.

समोरचा टाकत असेल तर त्याच दिवशी स्क्रीनशॉट घ्या, व्हॉट्सअॅप स्टेटस 24 तासांत जातं. अकाउंटचं नाव, तारीख-वेळ दिसली पाहिजे; लिंक असेल तर वेगळी लिहून ठेवा. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं) प्रमाणपत्र लागलं, तर त्यात उपकरणाचा तपशील आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, द्यावी लागते. प्रमाणपत्राचा भाग ‘अ’ तुम्ही भरता, भाग ‘ब’ तज्ज्ञ भरतो.

मग अंतरिम मनाईचा, म्हणजे दावा चालू असेपर्यंत पोस्टवर बंदी मागायचा अर्ज. बहुतेक अर्ज इथेच फसतात: ‘बदनामी करू नये’ एवढंच मागितलं, तर आदेश मोडला की नाही यावरच पुढच्या तारखा जातात. कोणतं अकाउंट, कोणत्या पोस्ट, किती दिवसांत काढायच्या, आणि पुढे मुलाचं नाव, फोटो, शाळा यांपैकी काय टाकायचं नाही, हे एकेक लिहा. बंधन दोघांवर मागा. एकतर्फी मागणीपेक्षा ते लवकर पटतं. संमती अटी (दोघांनी मान्य करून न्यायालयात दिलेल्या) होत असतील, तर वाढदिवसाचे फोटो आजी-आजोबांना खासगीत पाठवायची मुभा त्यातच लिहून घ्या, नाहीतर पुढे त्यावरूनच वाजतं.

मनाई मोडली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39, नियम 2अ खाली मालमत्ता जप्ती किंवा तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. त्या अर्जाला आदेश समोरच्याला माहीत होता याचा पुरावा जोडा. प्रत मिळाल्याची पोच सर्वांत सोपी.