मुतखड्याच्या ऑपरेशनला पेशंट पालथा करताना

पीसीएनएल, म्हणजे किडनीतला खडा दुर्बिणीनं काढायचं ऑपरेशन, असेल त्या दिवशी नव्या सिस्टर्सना मी पहिलं काम सांगते ते हे, की पेशंट जागा आहे तोवर त्याच्याशी बोलून घ्या. "काका, दोन्ही हात डोक्याच्या बाजूला वर करून दाखवा बरं. मान इकडे वळवा, आता तिकडे." खांदा आखडलेला असेल, मानेचं दुखणं असेल, तर तो लगेच सांगतो. भूल दिल्यावर हात कसाही वळतो. दुखतंय हे सांगणारं कुणी उरत नाही.

हे मी अनुभवानं शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी जिथं नोकरीला होते तिथं, एका यंत्रमाग कामगाराचा मोठा खडा निघाला. ऑपरेशन छान झालं, पण दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सिस्टर, करंगळी बधीर आहे." कोपराच्या आतल्या बाजूला नस हाडाला लागून जाते. तिथं आम्ही पॅड ठेवलं नव्हतं. महिनाभरानं बोट ठीक झालं, पण धागा जोडणाऱ्या माणसाला तो महिना फार मोठा होता. तेव्हापासून कोपराखालचं जेल पॅड मी स्वतः हातानं चाचपून बघते.

पीसीएनएलमध्ये पाठीकडून छोटा छेद घेऊन किडनीत दुर्बीण घालतात आणि खडा फोडून काढतात. आधी पेशंट उताणा, पाय स्टँडवर. लघवीच्या वाटेनं वर बारीक कॅथेटर जातो. मग पालथं करायचं. काही सर्जन उताणंच ठेवून करतात. ती पद्धत स्पेनच्या वाल्दिविया यांनी १९८७ मध्ये मांडली. वजनदार किंवा छातीचा त्रास असलेल्या पेशंटला ती सोयीची पडते. आमच्याकडे बहुतेक केसेस पालथ्याच होतात, म्हणून तेच सांगते.

वळवायला सहा माणसं हवीत. चौघांत भागवू नका, मामांना, म्हणजे वॉर्डबॉयना, हाक मारा. ट्रॉली टेबलाला चिकटवून दोन्हींचे ब्रेक लावा. डोकं आणि श्वासाची नळी भूलतज्ज्ञांच्या हातात, आणि "एक, दोन, तीन" तेच म्हणणार. सलाईनची लाईन आणि लघवीची पिशवी कुणाच्या हातात आहे ते वळवण्याआधी मोठ्यानं विचारा. वळल्यावर लगेच छातीच्या दोन्ही बाजूंना हवा जातेय का, हे भूलतज्ज्ञ पुन्हा ऐकतात. तोवर कुणी काही हलवायचं नाही.

टेबलावर दोन लोड आधीच मांडलेले असतात, एक छातीखाली आणि एक ओटीपोटाच्या हाडांखाली. मधलं पोट मोकळं लोंबलं पाहिजे. तळहात पोटाखालून आरपार सरकवून बघा. अडकला तर लोड हलवा. पोट दाबलं गेलं की मोठी शीर दबते, बीपी उतरतं आणि श्वास द्यायला जोर लागतो. बायकांचे स्तन आणि पुरुषांचं जननेंद्रिय लोडाखाली चिरडत नाही ना, हे लाज न बाळगता बघायचं.

चेहऱ्यासाठी मधे पोकळ असलेली जेलची रिंग. भार कपाळावर आणि हनुवटीवर. डोळ्यांवर अजिबात नाही, कारण बुबुळावर दाब राहिला तर दृष्टी जाऊ शकते. पापण्या आधीच चिकटपट्टीनं मिटवा. केस चालू असताना दर पंधरा मिनिटांनी खाली वाकून डोळे बघत जा. हात डोक्याच्या बाजूला, पण खांद्यात नव्वद अंशांपेक्षा कमी. गुडघ्यांखाली पॅड, नडग्यांखाली उशी, म्हणजे पायाची बोटं टेबलाला टेकत नाहीत.

चादरी घालण्याआधी सी-आर्म, म्हणजे एक्स-रेचं फिरतं मशीन, फिरवून घ्या. टेबलाचा लोखंडी दांडा किडनीवर आला तर आत्ताच सरकवता येतो. कुठल्या बाजूची किडनी, तेही आत्ताच पुन्हा वाचा. पालथ्या माणसाची डावी-उजवी चुकायला वेळ लागत नाही. सलाईन कोमट ठेवा, गार पाण्यानं पेशंट थंड पडतो.

ट्रॉली मात्र दाराबाहेर तशीच राहू द्या. हृदय थांबलं तर पेशंटला तातडीनं उताणं करावं लागतं, आणि तेव्हा ट्रॉली शोधत फिरायला वेळ नसतो.

ऑपरेशन संपल्यावर कपाळ, छाती, गुडघे बघा. लाल डाग असेल तर कागदावर लिहा. शुद्धीवर आला की विचारा, "काका, बोटं हलवून दाखवा. करंगळीला माझा हात लागतोय का?"