नक्कल, प्रत की बनावट? इंग्रजीत नेमका शब्द कोणता

तहसीलमधून जमिनीच्या कागदाची नक्कल काढतात, गॅदरिंगमध्ये पोरं सरांची नक्कल करतात आणि मृग लागला की नकली बियाण्याच्या बातम्या येतात. मराठीत एका शब्दावर तिन्ही कामं भागतात. इंग्रजीत पहिली 'सर्टिफाइड कॉपी', दुसरी 'मिमिक्री' आणि तिसरं 'काउंटरफिट'. मराठी माध्यमातून शिकून प्रवेशाचे, नोकरीचे फॉर्म भरायला बसलेल्यांचं घोडं इथंच अडतं. शब्द निवडण्याआधी दोन गोष्टी बघा: ती प्रत कुणी दिली, आणि कशासाठी केली.

आपल्याकडे 'कॉपी' म्हटलं की दहावी-बारावीचं केंद्र आणि कॉपीमुक्त अभियान आठवतं. पण 'ही वॉज डूइंग कॉपी' हे इंग्रजी नव्हे. 'ही वॉज चीटिंग' म्हणायचं. शेजाऱ्याचं बघून उतरवलं असेल तर 'ही कॉपीड फ्रॉम हिज नेबर'. यातलं 'फ्रॉम' गळलं की शेजारी जसं वागला तसाच तोही वागला, असा अर्थ होतो. खिशात सापडते त्या चिठ्ठीलाही आपण कॉपीच म्हणतो. इंग्रजीत ती 'चिट' किंवा 'क्रिब'. कायद्याच्या भाषेत हा प्रकार 'मालप्रॅक्टिस' आहे. महाराष्ट्राच्या 1982 च्या परीक्षाविषयक कायद्याच्या नावातही हाच शब्द आहे.

'झेरॉक्स' हे कंपनीचं नाव. साध्या कागदावर प्रत काढणारं तिचं 914 हे यंत्र 1959 मध्ये आलं आणि नाव जगभर चिकटलं. दुकानात खुशाल झेरॉक्स म्हणा, अर्जात मात्र 'फोटोकॉपी' लिहा.

खरं नुकसान कागदपत्रांत होतं. 'सेल्फ-अटेस्टेड कॉपी' मागितली असेल तर फोटोकॉपीच्या प्रत्येक पानावर 'ट्रू कॉपी' लिहून सही, नाव आणि तारीख टाका. मागच्या बाजूला मजकूर असेल तर तिकडंही सही हवी. सहीनं गुण किंवा बैठक क्रमांक झाकला गेला तर कागद परत येतो. 'डुप्लिकेट मार्कशीट' म्हणजे गुणपत्रिकेची झेरॉक्स नव्हे. मूळ हरवल्यावर किंवा खराब झाल्यावर बोर्डानं अथवा विद्यापीठानं स्वतः पुन्हा दिलेली ती गुणपत्रिका. ती झेरॉक्सच्या दुकानात तयार होऊ शकत नाही. गंमत अशी की बोलताना आपण 'डुप्लिकेट माल' म्हणतो तेव्हा बनावट असाच अर्थ धरतो. सरकारी इंग्रजीत त्या शब्दाला तो वास अजिबात नाही. 'इन डुप्लिकेट' म्हणजे एकूण दोन प्रती, 'इन ट्रिप्लिकेट' म्हणजे एकूण तीन. मूळ अर्ज अधिक तीन असा हिशेब करून चार संच जोडू नका.

परदेशी विद्यापीठ 'ट्रान्सक्रिप्ट' मागतं तेव्हा सगळ्या सत्रांचे विषय, श्रेयांक आणि गुण एकत्र दाखवणारा, आपल्या विद्यापीठानं तयार केलेला दाखला हवा असतो. बहुतेक ठिकाणी तो बंद लिफाफ्यात किंवा विद्यापीठाकडून थेट मागवतात. गुणपत्रिकांच्या झेरॉक्सचा गठ्ठा पाठवला की अर्ज अडकतो.

'सर्टिफाइड कॉपी'ला कायद्याचा आधार आहे. पूर्वीच्या पुरावा कायद्यातलं कलम 76, आता भारतीय साक्ष्य अधिनियमातलं कलम 75. खिडकीवरून हलण्याआधी कागदाच्या तळाशी बघा: खरी प्रत असल्याचा शेरा, तारीख, अधिकाऱ्याची सही, नाव-हुद्दा आणि शिक्का. या प्रतीची झेरॉक्स काढली की ती साधी फोटोकॉपी होते. शिक्का छापला गेला म्हणून ती 'सर्टिफाइड' राहत नाही.

मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. जुने महसुली कागद उर्दूत सापडतात, काही घरांत मोडीतले. उर्दू कागदाचा अर्थ मराठीत उतरवला तर ते 'ट्रान्सलेशन'. मोडीतली मराठी देवनागरीत आणली तर 'ट्रान्सलिटरेशन', कारण भाषा तीच राहते, फक्त लिपी बदलते. 'मोडीतून भाषांतर' असं अर्जात लिहिणं सरळ चूक आहे. मोडी ही लिपी आहे, भाषा नाही. फिकट झालेलं पान वाचून अक्षरन् अक्षर, मूळच्या चुकांसकट उतरवलं तर 'ट्रान्सक्रिप्शन'. आणि शिक्का, घडी, खाडाखोड सगळं जसंच्या तसं दिसेल अशी छापील प्रत म्हणजे 'फॅक्सिमिली'. संशोधनाला लागणाऱ्यांनी ही चार नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत.

'रेप्लिका' हा शब्द फार सैल वापरला जातो. बीबी का मकबरा ताजमहालाची 'रेप्लिका' नव्हे. तो आकारानं लहान आहे, प्रमाणं वेगळी आहेत, संगमरवर मोजक्या ठिकाणी आणि बाकी बराचसा गिलावा. 'मॉडेल्ड ऑन द ताज' हे बरोबर, 'इमिटेशन' म्हटलं तरी चालेल. अजिंठ्याच्या पायथ्याशी पर्यटकांसाठी उभारलेल्या लेण्या मात्र 'रेप्लिका'. रॉबर्ट गिल या ब्रिटिश चित्रकारानं 1844 पासून अजिंठ्याची भित्तिचित्रं हातानं रंगवून उतरवली, त्या 'कॉपीज'. त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पुस्तकात छापलेलं चित्र ते 'रिप्रॉडक्शन'.

'इमिटेशन'मध्ये फसवणूक नसते. इमिटेशन दागिने तसं सांगूनच विकतात. यंत्रमागाची साडी पैठणीसारखी म्हणून विकली तर 'इमिटेशन', हातमागाची अस्सल म्हणून गळ्यात मारली तर 'फेक'. नामवंत कंपनीच्या हुबेहूब पाकिटात भलतंच बियाणं भरलं तर 'काउंटरफिट'. पाकीट खरं, पण उगवण ठरलेल्या मानकापेक्षा कमी, तर 'सबस्टँडर्ड'. आपण दोन्हींना बोगस म्हणतो, पण इंग्रजी तक्रारीत शब्द चुकला तर आरोपच बदलतो. नोटा 'काउंटरफिट' असतात. दाखल्यावरची खोटी सही आणि आतली खाडाखोड ही 'फोर्जरी'.

पीएचडीला बसणाऱ्यांनी 'प्लेजरिझम', म्हणजे दुसऱ्याचं लिखाण किंवा कल्पना नाव न देता आपली म्हणून वापरणं, नीट समजून घ्यावं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत प्रबंधाचं दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्क्यांपर्यंत प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावा लागतो, 40 ते 60 टक्क्यांपर्यंत वर्षभर देता येत नाही आणि 60 च्या वर नोंदणीच रद्द. हा शब्द 'कॉपीराइट'शी जोडू नका. कॉपीराइट हा मालकीचा हक्क आहे. त्याची मुदत संपलेल्या पुस्तकातला उतारा नाव न देता वापरला तरी प्लेजरिझम होतंच. वाक्य फिरवून लिहिलं आणि कल्पना दुसऱ्याची, त्याचं नाव न देता ठेवली तरीही होतं. म्हणून टिपण काढतानाच, त्याच ओळीत, लेखकाचं नाव आणि पान क्रमांक लिहा. प्रबंध लिहिताना तो शोधायला बसलात तर सापडत नाही.