स्ट्रॉबेरीतला डीएनए काडीवर कसा गुंडाळायचा

वाईला मी दहावीला विज्ञान शिकवते. डीएनएची शिडी मुलं वहीत सुरेख काढतात, पण तो दिसतो कसा म्हटलं की वर्ग गप्प. म्हणून महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी स्वस्त झाली की हा प्रयोग मी करतेच. आपल्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच, हिच्यात आठ. त्यामुळे डीएनए भरपूर निघतो.

मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा. जवळपास गॅस पेटवू नका.

तीन स्ट्रॉबेऱ्या देठं काढून जाड पिशवीत कुस्करा. अर्धी वाटी पाण्यात दोन चमचे भांड्यांचं लिक्विड आणि अर्धा चमचा मीठ कालवून आत ओता, फेस न आणता चोळा. लिक्विड कढईचा तेलकटपणा काढतं तसंच पेशीचं आणि केंद्रकाचं पटल फोडतं. तीही स्निग्ध पदार्थांचीच.

मीठ कशाला, हे मुलांना आधी विचारा. शिडीचे दोन्ही खांब शर्करा आणि फॉस्फेटचे. फॉस्फेटवर ऋण प्रभार, म्हणून धागे एकमेकांना दूर लोटतात. मिठातल्या सोडियमचा धन प्रभार तो झाकतो, मग धागे जवळ येतात. ‘फॉस्फेट’ हा शब्द मुलांच्या डोक्यात पक्का बसतो तो इथे.

दहा मिनिटांनी ओल्या मलमलीतून काचेच्या ग्लासात गाळा. ग्लास तिरका धरून कडेने तेवढंच थंडगार अल्कोहोल सोडा, आणि हात लावू नका. एका वर्षी हे बजावायचं माझ्याकडून राहिलं. एका मुलाने चमच्याने ढवळलं, धागे तुटले आणि सगळं गढूळ झालं.

पाचेक मिनिटांत लाल रसाच्या वर पांढरट, चिकट तारा तरंगू लागतात. अल्कोहोलमध्ये डीएनए विरघळत नाही, म्हणून तो बाहेर येतो. लाकडी काडीवर अलगद गुंडाळा. ही एक शिडी नव्हे, असंख्य शिड्यांचा गुंता आहे, थोडी प्रथिनंही चिकटलेली. एका शिडीची रुंदी जेमतेम २ नॅनोमीटर. १८६९ मध्ये ट्यूबिंगेनला फ्रीडरिश मीशरने जखमेच्या पट्ट्यांवरच्या पुवातून हाच पदार्थ वेगळा केला होता.

काडी हातात असतानाच फळ्यावर टीएसी लिहा. ए, टी, जी, सी ही शिडीच्या पायऱ्या बनवणाऱ्या चार रेणूंची (बेसची) अक्षरं. ए समोर टी, जी समोर सी, म्हणून एका बाजूवरून दुसरी बनते आणि पेशी नक्कल काढू शकते. डीएनएवरून बनणाऱ्या आरएनए या रेणूत टी ऐवजी यू. मुलं टीएसी समोर एयूजी लिहितात: तीन अक्षरं, एक अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक), मेथिओनीन. प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए बनणं) आणि भाषांतरण (आरएनएवरून प्रथिन बनणं) त्यानंतर शिकवा.

काडी अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत बुडवून झाकण घट्ट लावा, म्हणजे पुढच्या तासाला दुसऱ्या तुकडीलाही दाखवता येईल.